तबल्याची शिकवणी

प्रस्तावना : शाळा-महाविद्यालयाच्या वर्गात न जाता एखाद्या जाणकाराच्या घरी जाऊन विद्या संपादन करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. इतर अनेक क्षेत्रांतून ती मागे पडली. संगीतात मात्र ती आजही टिकून आहे. प्रस्तुत पाठात तबला या वाद्याच्या निमित्ताने या रीतीची ओळख करून दिली आहे. पाठात आलेले बोल वाचताना हातावर टाळी देऊन ते मोठ्याने म्हणून पाहावेत. नुसत्या डोळ्यांनी वाचून ते समजत नाहीत.

सायंकाळचे सात वाजले आहेत. जुन्या वाड्यातील एका लहानशा खोलीत सतरंजी अंथरलेली आहे. भिंतीशी तबल्याच्या दोन जोड्या, एक हार्मोनियम आणि कोपऱ्यात शंखजिऱ्याच्या पावडरीचा डबा. दारापाशी चपलांचे तीन-चार जोड. आत एक विद्यार्थी गुरुजींसमोर मांडी घालून बसला आहे आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मागे बसून ऐकत आहेत. असे दृश्य पुण्यात दिसते, तसे बेळगाव, बडोदे, इंदूर आणि हैदराबाद येथेही दिसते. दारावर पाटी असतेच असे नाही. अशा शिक्षकाचा पत्ता बहुधा तोंडी कळतो : भजनी मंडळाकडून, शाळेतल्या संगीतशिक्षकाकडून किंवा वाद्यांच्या दुकानदाराकडून.

समजा, या खोलीत चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ प्रथमच आला आहे. दिवसभर तो धान्याच्या पेढीवर हिशेब लिहितो. लहानपणी तबला शिकण्याची फार इच्छा होती, पण परिस्थिती नव्हती. आता दोन पैसे गाठीला आहेत, आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी आहे, आणि मनात एक भीती आहे : या वयात बोटे वळतील का? मागे बसलेली दहा वर्षांची मुलगी आपल्यापेक्षा सरस वाजवील, मग लोक काय म्हणतील? प्रौढ वयात काही शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही भीती ओळखीची असते. ती निराधार नाही. लहान मुलाची बोटे लवकर वळतात, हे खरेच आहे. परंतु आपली चूक कोणती, हे एकदा सांगितल्यावर प्रौढाला चटकन उमगते. बहुतेक मुलांना ते उमगायला वेळ लागतो.

पहिल्या दिवशी या गृहस्थाला तबला वाजवायला मिळत नाही. गुरुजी त्याच्या हातावर टाळी देऊन घेतात आणि बोल म्हणायला लावतात :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

हा तीनतालाचा ठेका. मात्रा 16, विभाग चार. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर हात बाजूला नेऊन दाखवायची ती खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. तेथून निघायचे, सोळा मात्रांची फेरी पुरी करायची आणि पुन्हा तेथेच यायचे. या एका फेरीला आवर्तन म्हणतात. तबल्याचे बोल असे तोंडाने म्हणण्याला पढंत हे नाव आहे. आपण तबला शिकायला आलो की पाढे म्हणायला, असे नवख्याला वाटते. पण जो बोल मुखातून स्वच्छ निघत नाही, तो हातातून निघत नाही, हा तबलावादकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शिवाय पढंतीला वाद्य लागत नाही. पेढीवर जाताना बसमध्ये, स्वयंपाक करताना, पाण्यासाठी रांगेत उभे असताना ती करता येते. ज्याला दिवसाकाठी अर्ध्या तासाची सवड मिळणेही कठीण, त्याला ही सोय फार मोलाची आहे.

या ठेक्यात एक गंमत दडलेली आहे. गुरुजी ती सांगून टाकत नाहीत, ऐकायला लावतात. तबल्याच्या जोडीत उजव्या हाताचा लाकडी तबला आणि डाव्या हाताचा धातूचा डग्गा असतो. 'धा' आणि 'धिं' हे बोल दोन्ही हात मिळून निघतात. 'ता' आणि 'तिं' एकट्या उजव्या हाताचे. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेवर पुन्हा सुरू होतो. हात खाली दाखवतो नवव्या मात्रेवर. कानाला मात्र ती पोकळी एक मात्रा उशिरा जाणवते. गायक डोळे मिटून गात असला तरी घुमारा परत आला की त्याला कळते, सम आता तीन मात्रांवर आहे. ठेका हा असा रस्त्यावरचा दगडी मैलखांब आहे. ही जाण पुस्तकातला तक्ता पाठ करून येत नाही. आठ-दहा वेळा समोरासमोर ऐकल्यावर एके दिवशी ती अचानक येते, आणि मग जात नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हात वाद्यावर येतो. तबल्याचे तोंड ज्या चामड्याने मढवलेले असते त्याला पुडी म्हणतात. पुडीचे तीन भाग डोळ्यांनाही दिसतात : कडेची पट्टी ती चाट, मधला काळा गोल ती शाई आणि या दोहोंमधली मोकळी जागा ती लव. चाटेवर तर्जनी मारली की 'ना' किंवा 'ता', लवेवर मारली की 'तिं'. एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. साधायला महिने लागतात. कारण तर्जनी मारत असताना अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असावी लागते. ती जास्त दाबली तर नाद मरतो, उचलली तर आवाज भसाडा होतो. डाव्या हाताचे मनगट डग्ग्यावर टेकवून बोटांनी आघात केला की 'गे'. तळहात सपाट टाकून आवाज बंद केला की 'के' किंवा 'क'. आघातानंतर मनगट किंचित पुढे सरकवले की घुमारा वळतो. डग्गा बोलतो असे म्हणतात तो येथे.

शाईविषयी थोडे विषयांतर करणे योग्य ठरेल. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे मिश्रण पुडीवर थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत ही शाई बसवली जाते. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे निरनिराळे नाद एकमेकांशी मेळ खात नाहीत. म्हणून ढोलाला निश्चित स्वर नसतो. शाईच्या वजनामुळे चामड्याचे कंपन बदलते, त्यातून निघणारे नाद परस्परांशी सुसंवादी होतात आणि तबला षड्जाला मिळवता येतो. थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात याविषयी लेखन केले आणि 1934 साली भारतीय तालवाद्यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. शाई भरणाऱ्या कारागिराने मात्र हे कानाने केव्हाच ओळखले होते.

याच कारणाने तबला स्वतः विकत घेण्याची घाई करू नये. जोडी घेताना गुरुजींना किंवा जाणत्या विद्यार्थ्याला बरोबर न्यावे. पावसाळ्यात दमट हवेने पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. कोरड्या उन्हाळ्यात ती ताणते आणि स्वर चढतो. मग हातोडीने गजऱ्यावर ठोके देऊन, गठ्ठे वरखाली करून तो पुन्हा मिळवावा लागतो. हेही शिकवणीतच शिकायचे असते. पुष्कळ शिक्षक वेळ जातो म्हणून विद्यार्थ्याचा तबला स्वतःच मिळवून देतात. ही सोय खरी, पण विद्यार्थ्याच्या कानाचे नुकसान करणारी आहे.

आता मूळ प्रश्न. हे सारे पुस्तकांतून, ध्वनिमुद्रणांवरून शिकता येणार नाही काय? तबल्यावर मराठीत उत्तम ग्रंथ आहेत. अरविंद मुळगांवकर यांचा 'तबला' हा ग्रंथ विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही वापरतात. बोल, कायदे, घराण्यांची वैशिष्ट्ये ही माहिती ग्रंथातून मिळते. मिळत नाही ती एकच गोष्ट : आपला हात कोठे चुकतो आहे याची खबर. चुकीचा आघात करणाऱ्याला आपली चूक सहसा ऐकू येत नाही, कारण रोज तोच आवाज ऐकून कान त्याला सरावलेला असतो. खांदा आखडलेला आहे, कोपर बाहेर गेले आहे, मनगटाऐवजी सगळा हात आपटतो आहे, हे समोर बसलेल्या माणसाला क्षणात दिसते. वेळीच सांगितले तर आठवड्यात सुधारते. वर्षभर तसेच घटवले तर तीच सवय होऊन बसते. पुढे लय वाढली की हात दुखू लागतो आणि काय चुकले ते कळत नाही. शिकवणीचे शुल्क द्यायचे ते मुख्यतः या नजरेसाठी.

म्हणूनच शिक्षक निवडताना त्यांचे स्वतःचे वादन किती चमकदार आहे, एवढेच पाहू नये. उत्तम वादक उत्तम शिक्षक असतोच असे नाही. एखाद्या संध्याकाळी मागे बसून शिकवणी ऐकण्याची परवानगी मागावी. बहुतेक शिक्षक ती आनंदाने देतात. तासाभरात विद्यार्थी किती वाजवतो आणि गुरुजी किती वाजवतात, हे पाहावे. विद्यार्थी चुकल्यावर गुरुजी त्याला थांबवतात की स्वतःच वाजवून दाखवण्यात रंगून जातात? लय कमी करून घेतात का? मागच्या आठवड्याचा धडा आधी ऐकतात का? जो शिक्षक दर खेपेला नवा कायदा लिहून देतो आणि जुना ऐकत नाही, त्याच्याकडे विद्यार्थ्याची वही भरते, हात रिकामा राहतो.

पूर्वी ही निवड विद्यार्थ्याच्या हाती नव्हती. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब ही तबल्याची सहा प्रमुख घराणी. उस्तादाने शिष्य म्हणून स्वीकारले की मनगटाला धागा बांधण्याचा विधी होई. त्याला गंडाबंधन म्हणत. त्यानंतर वर्षानुवर्षे सेवा आणि तालीम. विद्या उदारपणे देणारे उस्ताद होते, तशी ती राखून ठेवणारेही होते. सामान्य घरातल्या मुलाला या दारातून प्रवेश मिळणे अवघडच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताचे शिक्षण नेमून दिलेला अभ्यासक्रम व वेळापत्रक यांच्या आधारे कोणालाही घेता येईल, असा मार्ग खुला केला. 1908 साली मुंबईत शाखा निघाली. पलुस्करांच्या निधनानंतर, 1931 मध्येच, त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत तबल्यासाठी प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत, त्यापुढे अलंकार. उत्तर भारतात अलाहाबाद, म्हणजे आताच्या प्रयागराज येथील, प्रयाग संगीत समितीच्या परीक्षांनाही विद्यार्थी बसतात. घरी शिकवणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थीही परीक्षा केंद्रामार्फत या परीक्षा देऊ शकतात. गुरूचे घर आणि मंडळाची परीक्षा अशी ही सांगड आहे. तिचा एक दोषही आहे. परीक्षा जवळ आली की शिकवणी अभ्यासक्रमापुरती आक्रसते.

घराण्याच्या तालमीची भव्यता मात्र नाकारता येणार नाही. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या तबल्याने गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ दिली आणि मराठी प्रेक्षकांच्या कानांवर तबल्याच्या नादाचा संस्कार केला. मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँ यांनी कितीतरी शिष्य तयार केले. डॉ. आबान मिस्त्री (1940–2012) यांनाही त्यांची तालीम लाभली. ज्या काळात बाईने तबल्यावर बसणे लोकांना चमत्कारिक वाटे, त्या काळात त्यांनी स्वतंत्र तबलावादनाचे कार्यक्रम केले आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. आज शिकवणीला येणाऱ्या मुलींकडे कोणी वळून पाहत नाही, त्यामागे अशा वादकांचे कष्ट आहेत.

शुल्काचा विषय आपल्याकडे संकोचाने बोलला जातो. गुरूला पैशांचे कसे विचारावे, असे विद्यार्थ्याला वाटते. विद्येचा मोबदला कसा मागावा, असे गुरूला. या संकोचातून पुढे कटुता येते. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या शिक्षकाला दरमहा वेतन नसते. दिवाळीच्या सुटीत, लग्नसराईत, मुलांच्या शालान्त परीक्षांच्या दिवसांत निम्मे विद्यार्थी येत नाहीत आणि त्याच्या घरखर्चाला कात्री लागते. म्हणून शुल्क महिन्याचे की दर बैठकीचे, विद्यार्थी आला नाही तर काय, आणि गुरुजी कार्यक्रमासाठी परगावी गेले तर बुडालेली शिकवणी भरून मिळेल का, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठरवून घ्यावे. यात अनादर नाही. पंचविशीतला शिक्षक पन्नाशीतल्या विद्यार्थ्याला 'काका' म्हणतो आणि काका त्याला वाकून नमस्कार करून 'सर' म्हणतात. हा आदर आणि तो व्यवहार ही दोन्ही एकाच खोलीत सुखाने नांदू शकतात.

2020 साली करोनाच्या साथीत या खोल्या बंद पडल्या, तेव्हा अनेक शिक्षकांनी दूरध्वनीच्या पडद्यावरून शिकवणे सुरू केले. ते अजूनही चालू आहे, आणि ज्या गावात तबल्याचा शिक्षकच नाही तेथे त्याचा मोठा आधार आहे. पडद्यावर हात दिसतो, चूक सांगता येते. परंतु आवाज पोचायला किंचित उशीर लागत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही, आणि डग्ग्याचा घुमारा लहानशा ध्वनिक्षेपकातून जवळजवळ नाहीसाच होतो.

इकडे आपला पेढीवरचा गृहस्थ सहाव्या महिन्यात पोचला आहे. दादरा आणि केरवा हातात आले आहेत. तीनतालात त्याने पहिला कायदा घेतला आहे : धा धा तिट धा धा तिं ना, ता ता तिट धा धा धिं ना. या कायद्याचे पलटे करायचे, पण त्यात जे बोल आहेत त्यांखेरीज नवा बोल आणायचा नाही, असा नियम. शेवटी तिहाई. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचे. समेपासून पुढच्या समेपर्यंत, दोन्ही समा धरून, 17 मात्रा होतात. तुकडा पाच मात्रांचा, मध्ये एकेका मात्रेचा विराम : पाच, एक, पाच, एक, पाच. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे एका क्षणात समजले. कागदावर त्याने तशा आणखी चार तिहाया मांडून आणल्या. गुरुजींनी वही पाहिली, मिटली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे, काका. आता वाजवा."

पहिल्या तिन्ही वेळा तो समेच्या आधीच पोचला. विराम त्याला धीराने सोसवत नव्हता. रिकामी मात्रा आली की हात पुढे धावत होता. गुरुजींनी हार्मोनियमवर तीनतालाचा लेहरा धरला आणि त्याला काही न वाजवता, फक्त त्या दोन रिकाम्या मात्रांवर मान हलवायला सांगितले. दहा मिनिटे तेवढेच चालले. मागे बसलेली मुलगी हसू आवरत होती. मग पुन्हा तबल्यावर हात. या वेळी तिसरा तुकडा संपला तो 'धा' लेहऱ्याच्या पहिल्या स्वरावर जाऊन बसला. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी लेहरा तसाच चालू ठेवला, आणि मुलगी तिच्या गुडघ्यावर टाळी देऊ लागली.

शब्दार्थ

पढंत – तबल्याचे बोल तालात तोंडाने म्हणणे. आवर्तन – तालाची एक पूर्ण फेरी. सम – तालाची पहिली मात्रा. घुमारा – घुमणारा खोल नाद. भसाडा – कर्कश, बेसूर. षड्ज – 'सा' हा मूळ स्वर. तालीम – गुरूकडून मिळणारे प्रत्यक्ष शिक्षण. लेहरा – तालाची आवर्तने दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजवली जाणारी सुरावट.

स्वाध्याय

1. तीनतालाच्या ठेक्यात डग्ग्याचा नाद कोणत्या मात्रांवर थांबतो? गायकाला त्याचा उपयोग कसा होतो?

2. 'विद्यार्थ्याची वही भरते, हात रिकामा राहतो' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.

3. पाच मात्रांऐवजी तीन मात्रांचा तुकडा घेतला, तर 17 मात्रा पुऱ्या करण्यासाठी दोन्ही विराम किती मात्रांचे ठेवावे लागतील? टाळी देऊन मोजून पाहा.

4. तुमच्या परिसरात घरी शिकवणी घेणाऱ्या एखाद्या कलाशिक्षकाची भेट घ्या आणि त्यांच्या कामातील अडचणींविषयी दहा ओळी लिहा.